तान्ह्या बाळाला घेऊन विमानात कुठे बसावे? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

उन्हाळी सुट्टीतील परदेश प्रवासाविषयी या सदरात लिहिल्यानंतर जी पत्रे आली, त्यांतील बरीचशी तान्ह्या बाळांच्या आई-वडिलांची आणि आजी-आजोबांची होती. पासपोर्ट, व्हिसा, दुधाची पावडर यांविषयी त्यांना फारशा शंका नव्हत्या. त्यांचे अडत होते ते विमानात बसायचे कुठे आणि त्यासाठी किती पैसे मोजायचे, या एका ठिकाणी. म्हणून या वेळी तेवढाच विषय घेतला आहे. पत्रे जागेअभावी संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न : आमचे बाळ पाच महिन्यांचे असून त्याचे वजन साडेसात किलो आहे. त्याला घेऊन पत्नी आणि मी मुंबईहून युरोपमार्गे न्यूअर्कला जाणार आहोत. इकॉनॉमीत पाळणा लावता येतो ती जागा मागावी, की थोडे जास्त पैसे भरून प्रीमियम इकॉनॉमीत जावे? – एक वाचक, ठाणे

उत्तर : आपल्या बाळाचे वय आणि वजन पाहता इकॉनॉमीतील पाळण्याची जागाच योग्य आहे, आणि ती मिळत असेल तर प्रीमियम इकॉनॉमीचा विचार मनातून काढून टाकावा, असे माझे स्पष्ट मत आहे. बाळाबरोबरच्या लांबच्या प्रवासात माणसाला सर्वांत जास्त थकवते ते बाळाचे वजन. साडेसात किलोचे बाळ घरात हातोहाती फिरत असते, कधी आजीच्या कडेवर, कधी पाळण्यात, तर कधी सतरंजीवर. विमानात मात्र ते सारे तास दोनच माणसांच्या मांडीवर असते. त्यामुळे जागा निवडताना आपले पाय किती पसरता येतील हे नंतर पाहावे, आणि बाळाचे वजन किती तास आपल्या अंगावरून उतरेल हे आधी पाहावे.

विमानकंपन्या ज्याला बॅसिनेट म्हणतात तो पाळणा म्हणजे एक उथळ पेटी असते. विमानाच्या प्रत्येक विभागात पहिल्या रांगेसमोर जी भिंत असते, तिच्यावरील खाचांत ती अडकवतात, आणि म्हणूनच ही सोय फक्त त्या रांगेत आणि त्यातही ठरावीक आसनांसमोरच असते. वजनाची मर्यादा कंपनीगणिक बदलते, पण ती बहुतेक ठिकाणी १० ते १४ किलोंच्या दरम्यान असते, आणि लांबी साधारणपणे ७० ते ८० सेंटिमीटर असते. पालक वजनाची चौकशी करून थांबतात. प्रत्यक्षात आडवी येते ती बाळाची उंची. शिवाय जे बाळ आपणहून उठून बसते किंवा कठड्याला धरून उभे राहू पाहते, त्याला पाळण्यात ठेवणे धोक्याचे असते, मग वजन मर्यादेत असले तरीही. आपले बाळ पाच महिन्यांचे आहे, म्हणजे पाळण्याचा पुरेपूर उपयोग होण्याचा काळ अजून हातात आहे. परतीचा प्रवास आणखी तीन-चार महिन्यांनी असेल, तर तेव्हा मात्र हा विचार नव्याने करावा लागेल.

या रांगेच्या अडचणीही आधीच माहीत असलेल्या बऱ्या. समोर आसन नसल्यामुळे जेवणाचा ट्रे आणि बहुधा टीव्हीचा पडदाही हाताच्या दांड्यात घडी करून बसवलेला असतो, त्यामुळे ते दांडे वर उचलता येत नाहीत आणि बाळाला दोन आसनांवर आडवे निजवता येत नाही. पायांपाशी पिशवी ठेवायला जागा नसते; उड्डाणाच्या आणि उतरण्याच्या वेळी सगळे सामान वरच्या कप्प्यात जाते. तेव्हा दोन लंगोट, ओले टिपकागद, एक झबले आणि दुधाची बाटली एवढे मावेल अशी छोटी थैली वेगळी काढून ठेवावी. पट्टे बांधण्याचा दिवा लागला की बहुतेक कंपन्यांच्या नियमानुसार बाळाला पाळण्यातून उचलून मांडीवर घ्यावे लागते, आणि आत्ता कुठे डोळा लागलेल्या बाळाला असे उचलण्याइतका जिवावर येणारा दुसरा प्रसंग विमानात क्वचितच येतो. पावसाळ्यात बंगालच्या उपसागरावरून सिंगापूरकडे जाणाऱ्यांना हा अनुभव हमखास येतो. याच रांगेच्या आसपास बहुधा शौचालये असतात, आणि इतर बाळेही त्याच रांगेत बसवलेली असतात. एकाने सूर लावला की दुसरी साथ देतात.

प्रीमियम इकॉनॉमीत आसन रुंद असते आणि गुडघ्यांपुढे जागाही अधिक असते, हे खरे आहे. मात्र तेथे हाताचे दांडे जाड आणि पक्के बसवलेले असतात, त्यामुळे शेजारच्या दोन आसनांची एक जागा करता येत नाही. काही विमानांत तर या वर्गात पाळण्याची सोयच नसते. म्हणजे आपण अधिक पैसे मोजून स्वतःला थोडे सैल बसवतो, पण बाळ आहे तिथेच, मांडीवरच, राहते. ज्यांना या वर्गात पाळण्याची जागा खात्रीने मिळते त्यांची गोष्ट वेगळी, पण ती खात्री तिकीट काढण्याआधी करून घ्यावी.

जागा मिळवायची कशी, याबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण बहुतेक जण येथेच फसतात. बाळाचे नाव तिकिटावर घातले म्हणजे पाळणा आपोआप मिळत नाही. तिकीट निघाल्याबरोबर कंपनीला फोन करून पाळण्याची वेगळी मागणी नोंदवावी लागते. तिकीट एका कंपनीचे आणि उडणारे विमान दुसऱ्या भागीदार कंपनीचे, असा प्रकार युरोपमार्गे जाताना सर्रास असतो. अशा वेळी मागणी ज्यांचे विमान उडणार आहे त्यांच्याकडे पोचली पाहिजे, आणि दोन टप्प्यांसाठी दोन वेगळ्या मागण्या कराव्या लागतील. प्रवासाच्या दोन-तीन दिवस आधी पुन्हा फोन करून नोंद तशीच आहे ना, हे विचारावे, आणि विमानतळावर लवकर पोचावे. एवढे करूनही हमी मिळत नाही. माझ्या नातीला प्रथमच घेऊन जाताना आम्ही हे सगळे सोपस्कार पाळले होते. ऐन वेळी त्या कंपनीने विमान बदलले, नव्या विमानात आमचे आसन तिसऱ्या रांगेत गेले, आणि नातीने तो प्रवास आळीपाळीने चार मांड्यांवर केला. तेव्हापासून मी पाळणा मिळणार असे धरून चालत नाही. कापडी झोळी अंगावर बांधण्याची तयारी ठेवतो. उड्डाणाच्या आणि उतरण्याच्या वेळी ती झोळी सोडून बाळ बाहेर काढावे लागते, एवढे लक्षात असू द्यावे.

प्रश्न : मुलगा वीस महिन्यांचा आहे. दोन वर्षांपर्यंत मांडीवर घेऊन जाता येते, मग त्याच्यासाठी वेगळे आसन घेणे म्हणजे पैसे वाया घालवणे नाही का? घरातील सर्वांचे तसेच मत आहे. – एक वाचक, पुणे

उत्तर : घरातील सर्वांचे मत हिशेबाला धरून आहे, पण मी त्याच्याशी सहमत नाही. आंतरराष्ट्रीय प्रवासात मांडीवरच्या बाळाला साधारणपणे मोठ्यांच्या भाड्याच्या दहा टक्के आणि कर लागतात, तर वेगळे आसन घेतल्यास मुलांचे भाडे, म्हणजे अनेक ठिकाणी तीन-चतुर्थांश आणि काही ठिकाणी पूर्ण भाडे, भरावे लागते. फरक मोठा आहे, यात शंका नाही. पण वीस महिन्यांचा मुलगा म्हणजे दहा-अकरा किलोंचा, जागेवर न ठरणारा जीव. तो पाळण्यात मावत नाही, मांडीवर झोपत नाही आणि झोपलाच तर त्याचे पाय शेजाऱ्याच्या ताटात असतात. ज्या पैशांत दोघांपैकी एकाला वरच्या वर्गात बसवण्याचा विचार अनेक कुटुंबे करतात, त्या पैशांत मुलासाठी आसन घेतले तर तिघांचाही प्रवास सुधारतो.

सोयीपेक्षा मोठा प्रश्न सुरक्षिततेचा आहे, आणि तो आपल्याकडे फारसा चर्चिला जात नाही. १९ जुलै १९८९ रोजी डेन्व्हरहून शिकागोला निघालेले युनायटेड एअरलाइन्सचे विमान अमेरिकेतील सू सिटी येथे आपत्कालीन उतरण्याच्या प्रयत्नात कोसळले. विमानात २९६ माणसे होती आणि त्यांपैकी ११२ दगावली. त्या विमानात चार मुले मांडीवरची होती. तेव्हाच्या पद्धतीप्रमाणे त्यांना पायांपाशी जमिनीवर ठेवून धरून राहण्याची सूचना पालकांना देण्यात आली. आदळण्याच्या जोरापुढे ते धरणे टिकले नाही, आणि चारांपैकी एक मूल वाचले नाही. ती सूचना देणाऱ्या प्रमुख हवाई सेविका जॅन ब्राउन या स्वतः बचावल्या आणि पुढे अनेक वर्षे त्यांनी प्रत्येक बाळाला स्वतंत्र आसन असावे यासाठी पाठपुरावा केला. अमेरिकेच्या विमानवाहतूक प्रशासनाने तशी सक्ती केली नाही. त्यामागचे त्यांचे कारण असे, की सक्ती केल्यास खर्च वाढून काही कुटुंबे विमान सोडून मोटारीने जातील, आणि रस्त्यावरील मृत्यूंचे प्रमाण विमानापेक्षा कितीतरी अधिक आहे. डेन्व्हर आणि शिकागो यांच्यापुरता हा युक्तिवाद पटण्यासारखा आहे. मुंबईहून न्यूअर्कला मोटारीने जाण्याचा पर्याय मात्र कोणापुढेच नसतो.

भारतीय आणि युरोपीय विमानांत मांडीवरच्या बाळासाठी एक जादा पट्टा देतात आणि तो आईच्या किंवा वडिलांच्या पट्ट्यात ओवायचा असतो. अमेरिकी कंपन्यांच्या विमानांत मात्र हा पट्टा वापरण्यास त्यांच्या नियमांनुसार मनाई आहे, कारण आदळताना मोठ्या माणसाचा भार बाळावर येऊ शकतो. म्हणजे एकाच प्रवासात पहिल्या टप्प्यात पट्टा मिळेल आणि दुसऱ्या टप्प्यात मिळणार नाही, असेही होऊ शकते. हवाई सेविकेशी त्यावरून वाद घालण्यात अर्थ नाही.

वेगळे आसन घेतल्यावर मुलाला बसवायचे कशात, हा पुढचा प्रश्न. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या मोटारीतील लहान मुलांच्या खुर्चीवर, म्हणजे कार सीटवर, ती मोटार आणि विमान या दोन्हींसाठी प्रमाणित असल्याचे लाल अक्षरांत छापलेले असते. तो मजकूर शोधावा आणि दिसेल असा ठेवावा. खुर्ची १६ इंचांपेक्षा रुंद नसावी, म्हणजे ती इकॉनॉमीच्या बहुतेक आसनांत बसते. ती खिडकीच्या आसनावर लावावी लागते, कारण आपत्काळात ती कोणाच्या वाटेत यायला नको. पाठीला टेकण नसलेले, नुसते उंची वाढवणारे बूस्टर विमानात चालत नाही. खुर्ची वाहून नेणे जमणार नसेल, तर विमानाच्या आसनाला पाठीमागून अडकवायचा केअर्स नावाचा खांद्यांवरून येणारा पट्टा मिळतो. तो १० ते २० किलो वजनाच्या आणि सुमारे एक मीटरपर्यंत उंचीच्या मुलांसाठी असून पिशवीत सहज मावतो. तरीही जी कंपनी आहे तिची मान्यता आधी लेखी घ्यावी. ईमेलचे उत्तर फोनमध्ये असले की विमानात बोलणे सोपे जाते.

आणखी एक बाब आपल्या बाबतीत विशेष महत्त्वाची आहे. मुलगा वीस महिन्यांचा आहे आणि मुक्काम पाच-सहा महिन्यांचा असेल, तर परतीच्या आधीच तो दोन वर्षांचा होईल. त्या दिवसापासून त्याला स्वतंत्र आसन सक्तीचे आहे, आणि ते परतीच्या तिकिटात आधीच धरले नसेल तर ऐन वेळी चढ्या दराने घ्यावे लागते.

तीन आसनांच्या रांगेत खिडकी मुलाला, मधले आसन आईला आणि कडेचे वडिलांना, ही मांडणी मला सर्वांत चांगली वाटते. विमान कोणते आहे हेही पाहावे : बोइंग ७८७ आणि एअरबस ए-३५० यांच्या इकॉनॉमीत बहुधा ३-३-३ अशी आसने असतात, म्हणजे तिघांचे कुटुंब एका बाजूला पूर्ण बसते, ए-३३० मध्ये बहुधा २-४-२ असल्यामुळे खिडकीकडील जोडी ही आई आणि मूल अशा दोघांनाच सोयीची ठरते. ऑकलंडला जाणाऱ्या कुटुंबांसाठी एअर न्यूझीलंडच्या काही विमानांत इकॉनॉमीची तीन आसने पायांचे आधार वर उचलून दिवाणासारखी करता येतात आणि ती सोय लहान मुलांना फार मानवते. भारतातून जाणाऱ्यांना ती फक्त पुढच्या टप्प्यावर मिळते.

प्रश्न : लेकीच्या बाळंतपणासाठी मी अमेरिकेला आले आहे. आता लेक, तीन महिन्यांची नात आणि मी अशा तिघी भारतात येणार आहोत. जावई दोघींसाठी बिझनेस क्लासचे तिकीट काढतो म्हणतात. एवढा खर्च करावा का? माझे गुडघे दुखतात. – एक आजी, मूळच्या साताऱ्याच्या

उत्तर : आजी, जावईबापूंना परवडत असेल तर दोघींसाठी तिकीट काढू द्यावे, संकोच करू नये. रात्रभराच्या प्रवासात आडवे झोपता आले तर आपले गुडघे आणि लेकीची पाठ या दोन्हींना विसावा मिळेल. मात्र काही गोष्टी तपासूनच पैसे भरावेत, कारण बिझनेस क्लास हा एकट्याने काम करत, झोपत जाणाऱ्या प्रवाशासाठी घडवलेला आहे, आजी-लेक-नात अशा त्रिकुटासाठी नव्हे.

नव्या विमानांत या वर्गाची मांडणी बहुधा १-२-१ अशी असते. एअर इंडियाच्या ए-३५० विमानांतही ती तशीच आहे. आपल्याला मधली जोडी हवी, आणि दोन आसनांमधील आडपडदा खाली घेता येतो ना, हे विचारून घ्यावे. काही विमानांत मधली आसनेही एकमेकांकडे पाठ करून असतात. तेथे शेजारी बसूनही लेकीच्या हातातून बाळ घेण्यासाठी आपल्याला दर वेळी उठावे लागेल. पाळणा या वर्गातही एक-दोन ठरावीक आसनांपाशीच लावता येतो, म्हणून त्याची मागणी आधी नोंदवावी आणि मगच वर्ग ठरवावा. काही आसनांच्या पट्ट्यात हवेची पिशवी बसवलेली असते; अशा आसनावर मांडीवर बाळ घेण्यास बंदी असते किंवा वेगळा पट्टा जोडून घ्यावा लागतो. आसनाचा पलंग केल्यावर नातीला कुशीत घेऊन झोपावे असे लेकीला वाटेल, पण तो पलंग खांद्याला रुंद आणि पायांकडे निमुळता असतो, कडेला फटी असतात, आणि थकलेल्या आईला गाढ झोप लागते. डॉक्टरही तान्ह्या बाळाला वेगळ्या सपाट जागी निजवण्याचाच सल्ला देतात. त्यासाठी पाळणाच बरा. मांडीवरच्या बाळाचे दहा टक्के हे त्या वर्गाच्या भाड्याचे असतात, ही बाबही जावईबापूंना सांगावी. तिकीट तीन लाखांचे असेल तर नातीचे तीस हजार आणि वर कर.

दोघींपैकी एकीलाच बिझनेसमध्ये बसवण्याचा विचार असेल तर तो मात्र करू नये. एका वर्गातून दुसऱ्या वर्गात ये-जा करू देत नाहीत, आणि मग बारा-चौदा तास बाळ एकटीच्या अंगावर पडते. त्यापेक्षा दोघींनी इकॉनॉमीत पाळण्याच्या रांगेत बसावे, आपण कडेचे आसन घ्यावे, विमानतळावर चाकाच्या खुर्चीची सोय आधी मागून ठेवावी, आणि वाचलेल्या पैशांतून थांबे कमी असलेले विमान निवडावे. वरच्या वर्गापेक्षा एक थांबा कमी होणे हे बाळासाठी अधिक मोलाचे असते. मुंबईत उतरल्यावर साताऱ्यापर्यंतचा मोटारीचा प्रवास अजून बाकी असतो, हेही विसरू नये.

प्रश्न : मुंबईहून नागपूरला आठ महिन्यांच्या मुलीला घेऊन जायचे आहे. देशांतर्गत विमानात पाळणा मिळतो का? कोणती रांग घ्यावी? – एक वाचक, डोंबिवली

उत्तर : ए-३२० किंवा बोइंग ७३७ यांसारख्या एकच मार्गिका असलेल्या विमानांत पाळणा बहुधा नसतोच, आणि दीड तासाच्या प्रवासात त्याची उणीवही भासत नाही. पुढच्या रांगांसाठी जादा पैसे भरण्याची गरज नाही. आपत्कालीन दरवाजांच्या रांगा बाळ घेतलेल्या प्रवाशांना मिळत नाहीत. पंखांवरील रांगांत हेलकावे थोडे कमी जाणवतात. खिडकीचे आसन अंगावर पाजण्यासाठी आडोशाचे असते. मला विचाराल तर मागच्या काही रांगा चांगल्या, कारण तेथे आसन रिकामे राहण्याची शक्यता अधिक असते आणि शौचालय जवळ असते. नांदेड, कोल्हापूर यांसारख्या ठिकाणी जाणारे विमान छोटे एटीआर असेल, तर त्यात २-२ अशी आसने असतात आणि चढण्याचा दरवाजा मागे असतो, म्हणून तेथेही मागचीच रांग घ्यावी.

सर्वांची तिकिटे एकाच पीएनआरवर असू द्यावीत. भारताच्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने एप्रिल २०२४ मध्ये विमानकंपन्यांना अशी सूचना दिली आहे, की १२ वर्षांपर्यंतच्या मुलांना त्याच पीएनआरवर प्रवास करणाऱ्या पालकांपैकी निदान एकाजवळची जागा द्यावी. कुटुंबाची तिकिटे दोन-तीन ठिकाणांहून काढली तर या सूचनेचा उपयोग होत नाही.

विमान उतरू लागले की बाळे रडतात, कारण तेव्हा केबिनमधील हवेचा दाब वाढतो आणि कानांना दडे बसतात. जमिनीला टेकण्याच्या सुमारे अर्धा तास आधी, विमान खाली येऊ लागताच, पाजायला घ्यावे. गिळण्याने कान मोकळे होतात.

प्रश्न : आम्हांला जुळी मुले आहेत, सहा महिन्यांची. कंपनीने आम्हां दोघांना एका रांगेत बसवण्यास नकार दिला. हा अन्याय नाही का? – एक वाचक, पणजी

उत्तर : हा अन्याय नाही, त्यामागे प्राणवायूच्या मुखवट्यांचा हिशेब आहे. तीन आसनांच्या गटावर सर्वसाधारणपणे चार मुखवटे असतात, म्हणजे तीन मोठ्या माणसांचे तीन आणि मांडीवरच्या एका बाळासाठी एक. त्याच गटात दुसरे मांडीवरचे बाळ आले तर पाचव्या जिवाला मुखवटा उरत नाही. एका प्रौढाच्या मांडीवर एकच बाळ, हा नियमही सगळीकडे आहे. त्यामुळे जुळ्यांच्या आई-वडिलांनी मार्गिकेच्या दोन बाजूंची, एकमेकांशेजारची कडेची आसने मागावीत. हात लांब केला की दुधाची बाटली इकडून तिकडे जाते. एका बाळासाठी स्वतंत्र आसन आणि कार सीट घेतली तर मात्र सगळे एका रांगेत बसू शकतात. एकट्या आईला दोन तान्ह्या बाळांसह प्रवास करू द्यायचा की नाही, हे कंपनीगणिक बदलते. तिकीट काढण्याआधी ते विचारावे.

प्रश्न : मी एकटा प्रवास करतो. पाय लांब करता यावेत म्हणून जादा पैसे भरून पहिल्या रांगेतील आसन घेतले होते. विमानतळावर ते काढून घेऊन एका बाळाच्या आईला दिले. माझे पैसे भरलेले असताना हे योग्य आहे का? आणि रडणाऱ्या बाळांपासून दूर बसण्याचा काही उपाय आहे का? – एक वाचक, मुंबई

उत्तर : आपला राग समजण्यासारखा आहे, पण आसन परत घेण्याचा अधिकार कंपन्यांनी आपल्या अटींत बहुधा राखून ठेवलेला असतो, कारण पाळणा अडकवायची भिंत दुसऱ्या रांगेला नसते. आसनासाठी भरलेली जादा रक्कम मात्र परत मागता येते, आणि ती मागावी.

दूर बसण्याचा उपाय म्हणाल, तर आसनांच्या नकाशावर पाळण्याचे चिन्ह कोठे आहे ते पाहून त्या भिंतीपासून आठ-दहा रांगा मागे जावे. जपान एअरलाइन्सने तर दोन वर्षांच्या आतील बाळ कोणत्या आसनावर आहे हे इतर प्रवाशांना नकाशावर दाखवण्याची सोय २०१९ च्या सुमारास केली. इंडिगोने २०१६ मध्ये काही रांगा १२ वर्षांखालील मुलांना न देण्याचे ठरवले, तेव्हा वर्तमानपत्रांत त्यावर दोन्ही बाजूंनी बरेच लिहून आले होते. बिझनेस क्लासमध्ये गेल्याने हा प्रश्न सुटेल असे समजू नये. वरच्या आजींचे पत्र आपण वाचले असेलच. जादा रकमेच्या परताव्यासाठी आसन बदलल्याचा नवा बोर्डिंग पास आणि जुनी पावती ही दोन्ही जपून ठेवावीत, आणि विमानतळावरील खिडकीवर तोंडी बोलून न थांबता घरी आल्यावर लेखी मागणी करावी.